पत्नीचा खाण्याचा विकार आणि आमचे ताणलेले नाते : सांगली-मिरजेत उपचार कोठून सुरू करावेत?

हळदबाजार (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. घरात आई, वडील, मी आणि पत्नी अशी चार माणसे आहोत. पत्नी एका सहकारी बँकेत नोकरी करते. तिच्या जेवणाखाण्याचे काहीतरी बिनसले आहे हे वर्षभर मला जाणवत होते, पण नेमके काय ते कळत नव्हते. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि महिन्याच्या दोन्ही एकादशा असे तिचे उपवास चालतात, आणि त्या दिवशी ती वरीच्या तांदळालाही शिवत नाही, नुसत्या काळ्या चहावर राहते. सून देवाधर्माची आहे म्हणून आई समाधानी आहे. मात्र घर झोपल्यावर भडंगाचा डबा, उरलेल्या पोळ्या, बेसनाचे लाडू, जे हाताला लागेल ते फस्त झालेले असते, आणि मग न्हाणीघरातला नळ बराच वेळ वाहत राहतो.

दाढ दुखते म्हणून नुकतेच तिला दंतवैद्यांकडे नेले होते. वरच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू झिजलेली पाहून त्यांनी मला बाहेर बसवले आणि उलट्या होतात का, असे तिला विचारले. परत येताना गाडीवर मागे बसून ती एवढेच म्हणाली, “आईंना सांगणार नसाल तर बोलते.” मग कळले ते असे, की तडस लागेपर्यंत खाणे आणि नंतर मुद्दाम उलटी काढणे हे लग्नाच्या आधीपासून, तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हापासून चालू आहे.

आमच्या नात्यातही बरीच ओढाताण आहे. “जेवलीस का?” एवढ्या प्रश्नावरून भांडण होते. लग्नकार्याला यायचे ती टाळते आणि आलीच तर फोटोच्या वेळी नाहीशी होते. मी कोणाचे साधे कौतुक केले तरी ते तिच्या शरीरावरचे बोलणे ठरते, आणि आमच्यातली जवळीक जवळजवळ संपली आहे. मावसभावाचे म्हणणे असे, की दोघांनी आधी विवाह समुपदेशकाकडे जावे. संसार मार्गाला लागला की खाणे आपोआप सुधारेल. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही. तिचे वजन चारचौघींसारखेच आहे. अशा वेळी याला आजार म्हणावे का, सांगली-मिरजेत कोणाकडे जावे आणि आईला काय सांगावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

तंबोरा_मिरज

मी मिरजेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. प्रत्यक्ष न भेटता निदान करणे योग्य नाही; तरीही तुम्ही लिहिलेले वर्णन बुलिमिया नर्व्होसा या विकाराशी जुळते. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये हे नाव देऊन या विकाराचे वर्णन केले. अनावर खाणे आणि ते भरून काढण्यासाठी उलटी, जुलाबाची औषधे किंवा कडक उपास, हे चक्र आठवड्यातून किमान एकदा असे तीन महिने चालले, आणि स्वतःची किंमत वजनावरूनच ठरवली जात असली, तर निदानाचा निकष पूर्ण होतो. बुलिमियाच्या बहुतेक रुग्णांचे वजन चारचौघांसारखेच असते, आणि म्हणूनच हा विकार वर्षानुवर्षे झाकून राहतो. दात झिजणे ही त्याची जुनी, ओळखीची खूण आहे, कारण पोटातले आम्ल वारंवार दातांवर येते. तुमच्या दंतवैद्यांनी तिला एकटीला विचारले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता क्रमाबद्दल. पहिली भेट कोणत्याही समुपदेशकाची नव्हे, फिजिशियनची घ्यावी. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातले पोटॅशियम घटते. त्याची सर्वसाधारण पातळी लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असते, आणि ती फार खाली गेली तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. त्यामुळे सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढे या आठवड्यातच करून घ्या. चक्कर येणे, छातीत धडधडणे, पायात गोळे येणे किंवा उलटीत रक्त दिसणे यांपैकी काही असेल तर थेट दवाखाना गाठावा. जुलाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. त्या गोळ्यांनी शरीरातले पाणी जाते, खाल्लेले अन्न नाही, आणि उलटीनेही बरेचसे अन्न आतच राहते. रुग्णाला ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो. दातांसाठी एक लहानशी सूचना : उलटीनंतर लगेच ब्रश फिरवू नये, साध्या पाण्याने चूळ भरावी, कारण आम्लाने मऊ झालेला थर घासल्याने आणखी जातो.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ. बुलिमियात फ्लुओक्सेटीन या औषधाचा उपयोग होतो, पण त्याची मात्रा नैराश्यात नेहमी देतात तिच्याहून बहुधा जास्त असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. नैराश्यावरचे बुप्रोपिऑन मात्र या विकारात देत नाहीत, कारण त्यामुळे आकडी (फिट) येण्याचा धोका असतो. म्हणूनच उलट्यांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवून नैराश्याची गोळी घेणे धोक्याचे आहे.

मुख्य उपचार बोलण्याचा आहे. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली सीबीटी-ई (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी) ही पद्धत यासाठी सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. वजन फार घटलेले नसेल तर साधारण वीस आठवड्यांत वीस सत्रे होतात. सुरुवातीचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा भेटायचे असते. तिचा गाभा ऐकायला अगदी साधा वाटतो : दिवसातून तीन जेवणे आणि मधली दोन-तीन लहान खाणी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून अधिक अंतर नाही. रुग्णाला वाटते की रात्रीचे खाणे हा रोग आहे आणि दिवसाचा उपास हा त्यावरचा उपाय. प्रत्यक्षात दिवसभराची उपासमारच रात्रीचे अनावर खाणे घडवते, त्याची लाज उलटी घडवते, आणि उलटीची भीती दुसऱ्या दिवशीचा उपास आणखी कडक करते. आम्ही हे चक्र कागदावर रुग्णाबरोबर काढतो. आधी उपास सोडवला जातो. रात्रीचे खाणे बऱ्याच अंशी त्यामागोमाग ओसरते.

तुमच्या मावसभावांच्या सल्ल्याकडे येते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्या तरुणांना खाण्याचा कोणताही विकार नव्हता. तरीही ते चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, स्त्रियांमधला त्यांचा रस गेला, पाककृतींची पुस्तके वाचण्यात दिवस जाऊ लागले, आणि बंधन उठल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर खात राहिले. तुम्ही नात्याबद्दल जे लिहिले आहे ते या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचा. भांडणे, संशय, एकलकोंडेपणा, जवळीक आटणे यांतला किती भाग तुमच्या संसाराचा आणि किती उपासमारीचा, हे शरीराला नियमित अन्न मिळाल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. अर्धपोटी माणसाला समोर बसवून विवाह समुपदेशन करण्याचा आग्रह मी कधीच धरत नाही.

याचा अर्थ तुम्ही बाहेर थांबायचे असा नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सिंथिया बुलिक आणि डोनाल्ड बॉकम यांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या (स्वतःला उपाशी ठेवून वजन फार घटवण्याच्या विकाराच्या) प्रौढ रुग्णांसाठी जोडीदाराला उपचारात सामील करून घेणारी पद्धत तयार केली, आणि तिच्यातले मूळ सूत्र बुलिमियातही उपयोगी पडते : जोडीदाराने पहारेकरी व्हायचे नाही, पण अनोळखी पाहुण्यासारखेही वागायचे नाही. डबे मोजणे, न्हाणीघराच्या दाराशी कान लावणे, ताटातली पोळी पाहून बोलणे हे आजच बंद करा. रात्रीच्या जेवणानंतरचा तास तिला सर्वांत अवघड जात असेल, तर त्या वेळी तुम्ही काय केलेले तिला चालेल, हे तिलाच विचारा.

सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. सुरुवात तिथून माफक खर्चात होऊ शकते. खासगी मानसशास्त्रज्ञ निवडताना त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि खाण्याच्या विकारांवर त्यांनी काम केले आहे का, हे दोन्ही निःसंकोच विचारा. समुपदेशक अशी पाटी आज कोणीही लावतो.

कृष्णाघाट

विनयपूर्वक वेगळे मत मांडतो. आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर उपवास केले, त्यांतल्या कोणाला असले विकार झाल्याचे ऐकिवात नाही. ही मोठ्या शहरांतली आणि परदेशातली खुळे आहेत, आणि व्रतवैकल्यांना आजार म्हणायची आता पद्धतच पडली आहे. सूनबाईंना काही दिवस माहेरी विश्रांतीला पाठवावे, सात्त्विक आहार द्यावा, योगासने सुरू करावीत. घरातल्या गोष्टी डॉक्टरांसमोर मांडल्याने नाती जुळत नसतात.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याची. याच विकारातून उपचार घेऊन बाहेर पडले आहे, म्हणून आधी कृष्णाघाट यांना उत्तर देते. आपल्या आज्या उपवास करत होत्या, पण दुसऱ्या दिवशी पारणे फेडून पोटभर जेवतही होत्या, आणि उपवासाने कंबर किती इंच उतरली हे कोणी मोजत नव्हते. व्रत देवासाठी असते. मी करत होते ते वजनकाट्यासाठी होते, आणि घरात कोणी प्रश्न विचारू नये म्हणून त्याला देवाचे नाव दिले होते. परदेशातले खूळ म्हणाल, तर फिजी बेटांचे उदाहरण सांगते. तिथे भरल्या अंगाचे कौतुक होते. १९९५ मध्ये एका भागात दूरचित्रवाणी आली आणि १९९८ मध्ये अ‍ॅन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींना पुन्हा विचारले, तेव्हा बारीक होण्यासाठी उलट्या काढणाऱ्या मुली आढळल्या. आधीच्या पाहणीत अशी एकही नव्हती. आपल्याकडे तर टीव्हीचीही गरज पडली नाही. लग्नाच्या बायोडाट्यात जन्मवेळेच्या खाली “वर्ण : गोरा, बांधा : सडपातळ” असे लिहायचे असते, आणि ते खरे करून दाखवण्याची जबाबदारी मुलीवर पडते.

हळदबाजार, आता तुमच्याशी बोलते. साताऱ्यात मला या विषयात काम केलेले कोणी मिळाले नाही, म्हणून पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञांकडे ऑनलाइन सत्रे घेतली; औषधे आणि रक्ततपासणी साताऱ्यातच झाली. सत्रासाठी मी गच्चीवरच्या खोलीत बसत असे, कारण खाली भिंतींना सासूबाईंचे कान होते. (त्या वाईट नाहीत, पण त्यांना सगळे ऐकू येते.) सुरुवातीला एक वही करायला सांगितली : काय खाल्ले, किती वाजता, कुठे बसून, आणि त्या वेळी मनात काय होते. कॅलरी लिहायची नाही, अशी सक्त ताकीद होती. मला वाटले होते की ही वही म्हणजे शाळेतल्यासारखी शिक्षा. लिहीत गेले तसे दिसले, की ज्या दिवशी मी दुपारचा डबा तसाच परत आणते त्याच रात्री मी फडताळासमोर उभी असते. हे मला कोणी सांगितले असते तर पटले नसते. माझ्याच अक्षरात समोर होते म्हणून नाकारता आले नाही.

शरीराच्या प्रतिमेचे काम पुढे, खाणे बरेच नियमित झाल्यावर सुरू झाले. मी दिवसातून कितीतरी वेळा बांगडी कोपराकडे सरकवून पाहत असे. ती कुठवर जाते त्यावर त्या दिवसाचा मूड ठरायचा. ब्लाउजची शिलाई किती उसवावी लागली, अंगठी घट्ट होते का, बसल्यावर पोटाला वळ्या पडतात का, अशा पाहण्यांना अंत नव्हता. मानसशास्त्रज्ञांनी या पाहण्या थांबवायला लगेच सांगितले नाही. आधी दोन दिवस फक्त नोंद करायला सांगितले, मग प्रत्येक पाहणीनंतर मनाला बरे वाटले की आणखी अस्वस्थ, हे विचारले. मग एक वर्तुळ काढून घेतले आणि मी स्वतःची किंमत कशाकशावरून ठरवते त्याचे वाटे पाडायला लावले. वजन आणि दिसणे यांनी इतकी जागा व्यापली होती, की नोकरी, मैत्रिणी, गाणे, मुलगी आणि नवरा यांना उरलेल्या फटीत दाटीवाटीने बसावे लागत होते. उपचार म्हणजे तो मोठा वाटा खोडणे नव्हे, बाकीचे वाटे वाढवणे, असे त्या म्हणत. बंद पडलेला गाण्याचा क्लास मी त्यानंतर पुन्हा लावला.

नवऱ्याने काय केले हे तुम्हाला उपयोगी पडेल. सत्रात त्यांना दोन-तीनदा बोलावले होते. तिथे ठरले, की माझ्या शरीरावर घरात कोणी चांगलेही बोलायचे नाही. “बारीक झालीस” हे ऐकले की मला आणखी बारीक व्हावेसे वाटे, आणि “तब्येत सुधारली” हे मी “जाड झालीस” असेच ऐकत असे. जेवणानंतर आम्ही दोघे पोवई नाक्यापर्यंत पायी जाऊन येत असू आणि वाटेत जेवणाचा विषय काढायचा नाही असा नेम होता. भांडणे झालीच, पण ती पैशांवरून, मुलीच्या शाळेवरून, म्हणजे चारचौघांच्या घरी होतात तशी. खाणे स्थिरावल्यावर आम्ही दोघांसाठीची काही सत्रेही घेतली, आणि तेव्हा कळले की आमचे काही जुने हिशेब खरोखरच खाण्याशी संबंध नसलेले होते. ते आधी काढले असते तर मी प्रत्येक वाक्याचा अर्थ माझ्या कमरेशी लावला असता.

मध्ये दोनदा घसरण झाली. दिवाळीचा फराळ हा माझा कसोटीचा काळ असतो. घसरणीनंतर दुसऱ्या दिवशी उपास न करता सकाळचा नाश्ता वेळेवर घेणे, एवढेच करायचे असते आणि तेच सर्वांत अवघड असते.

कायदेकानून

थोडक्यात भर घालतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर पत्नीच्या संमतीशिवाय ती सासूला काय, पतीलाही सांगता येत नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारासाठी शारीरिक आजारांसारखीच तरतूद करावी असे म्हटले आहे, तेव्हा बँकेच्या सामूहिक विम्याची कागदपत्रे पाहून घ्या. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो मोफत आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. मरणाचे विचार बोलून दाखवले गेले तर मात्र फोनवर न थांबता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

हळदबाजार

सर्वांचे आभार. तपासण्या झाल्या. पोटॅशियम थोडे कमी निघाले, ईसीजी ठीक आहे. फिजिशियनांनी औषध देऊन पुन्हा तपासायला बोलावले आहे. ही सगळी उत्तरे पत्नीने स्वतः वाचली. अजिंक्यतारा यांचे बांगडीचे वाक्य वाचून ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने हातातल्या बांगड्या मला दाखवल्या. मिरजेला मानसोपचार विभागात जायला ती तयार आहे. अडचण आईची आहे. या गुरुवारी हिने सकाळी पोहे खाल्ले तेव्हा आईने दिवसभर अबोला धरला, आणि पुढे मार्गशीर्षातले गुरुवार येतीलच. आईला आजाराचे नाव सांगू नये असे पत्नीचे म्हणणे आहे, आणि खोटे बोलणे मला जमत नाही.

तंबोरा_मिरज

खोटे बोलण्याची गरज नाही. दात आणि पोट बिघडले आहे, रक्तातले क्षार कमी झाले आहेत आणि डॉक्टरांनी उपाशी राहायला मनाई केली आहे, ही तिन्ही वाक्ये खरी आहेत. आजाराचे नाव कधी सांगायचे, सांगायचे की नाही, हे पत्नी ठरवेल. आजारी माणसाला, गर्भवतीला आणि लहान मुलांना उपवासातून मोकळीक देण्याची रीत आपल्या घरांतून पूर्वापार आहे आणि तुमच्या आईंना ती ठाऊक असणार. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडणे, पोथी वाचणे, हळदी-कुंकवाला सवाष्णींना बोलावणे हे सगळे जेवून-खाऊनही करता येते. आईंनी पूजा सुनेकडे सोपवली आणि उपवास स्वतःकडे ठेवला, अशी घरे मी पाहिली आहेत. हे बोलणे मात्र तुम्ही करा, सुनेवर टाकू नका, आणि पत्नी समोर नसताना करा.

मिरजेला जाताना दंतवैद्यांची चिठ्ठी, रक्ताचे अहवाल आणि ईसीजी बरोबर ठेवा. ती आत एकटी बोलेल. तुम्हाला बोलावतील तेव्हा जा, आणि बाहेर आल्यावर आत काय झाले हे तिने आपणहून सांगेपर्यंत विचारू नका. सकाळचा नाश्ता करून निघा, कारण बाह्यरुग्ण विभागात रांगेत दुपार होऊ शकते आणि चार तासांहून जास्त अंतर पहिल्याच दिवशी पडायला नको.